गिरजाबाईंचे अकरा मैल

गिरजाबाईंसमोर 'लवकर' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी सहज "बाई, लवकर येतो" म्हणालं, की त्या हातातलं काम टाकून विचारायच्या, "लवकर म्हणजे किती जी?"

समोरचा बावरायचा. "लवकर म्हणजे... लवकरच, बाई."

"तसं नाई. किती चिलमा?"

मग तो बिचारा डोकं खाजवत मनात वाट चालून यायचा आणि "दोन चिलमा" म्हणायचा, तेव्हा कुठं त्याची सुटका. आमच्या त्या रानात अंतर सांगायला मैल कुणी वापरत नसे. या गावाहून ते गाव तीन चिलमांवर, नाला अर्ध्या चिलमेवर. ओढणारा कोण आणि तंबाखू किती कडक, यावर गावं जवळ-लांब होत. बाईंना या हिशेबाचा राग नव्हता. उलट त्यांनी चार म्हाताऱ्यांना ओळीनं बसवून, प्रत्येकाची चिलीम घड्याळ लावून मोजली होती आणि सरासरी काढून वहीत लिहून ठेवली होती. म्हाताऱ्यांना त्या दिवशी चार-चार चिलमा फुकट मिळाल्या, त्यामुळे विज्ञानाबद्दल गावाचं मत तेव्हापासून चांगलं झालं.

मी त्या काळात मोहटोल्याच्या सरकारी दवाखान्यात कंपोंडर होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि एक पाटी. जिल्हा तेव्हा चांदा. मी तिथं होतो तेवढ्यात पाटीवरचं राज्याचं नाव एकदा बदललं, गळकी कौलं मात्र तीच राहिली. डॉक्टर बसायचे कुरखेड्याला, नदीपलीकडं. आमच्याकडं ते पंधरा दिवसांनी एकदा यायचे, तेही वाट सुकली असेल तर. एरवी मलमपट्टी माझ्याकडं आणि बाळंतपणं गिरजाबाईंकडं. मी ब्रह्मपुरीचा, मॅट्रिक झालेला, आणि आपल्याला गणित येतं असा माझा समज होता. बाई आल्यावर तो फार दिवस टिकला नाही.

बाई मूळच्या सिंदेवाहीकडच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चाळिशीच्या आसपासच्या. पांढरं लुगडं, पायात टायरच्या चपला, आणि डाव्या खांद्यावर पिनेनं टाचलेलं एक उलटं लोंबणारं घड्याळ. नाडी मोजायला म्हणून नर्सांकडं असतं ना, तसं. सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ आमच्या अख्ख्या मुलखात ते एकच असावं. गावानं त्यांचं नाव 'घडीबाई' ठेवलं. बाई त्या घड्याळानं नाडी मोजायच्या तशाच, नाडी नसलेल्या बाकीच्या जगालाही मोजायच्या.

पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं, की बाई दवाखान्यासमोरच्या वाटेवर बँडेजची पट्टी अंथरून वाकल्या आहेत. सरकारी पट्टी, सहा वार लांब. दहा वेळा अंथरून त्यांनी साठ वार मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. मी म्हटलं, "बाई, हे काय? पट्टी मातीत मळली."

"धुऊन उकळून देतो जी. तुमाले जखमेले लागन तवा साफ भेटन."

त्या दोन रेघांमधून पुढं काय काय गेलं! रिकामी बैलबंडी, भरलेली बंडी. डाकवाल्याची सायकल. पाण्यावर निघालेल्या म्हशी आणि पाण्यावरून परतणाऱ्या म्हशी. डोक्यावर मोहाची टोपली घेतलेल्या बाया. बाई पडवीत बसून घड्याळ बघत आणि जुन्या जन्मनोंदीच्या वहीच्या कोऱ्या पाठीवर लिहीत. म्हशी जाताना येण्याच्या दुप्पट वेगानं चालतात, हे आमच्या गावात त्यांच्यामुळे पहिल्यांदा कळलं. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखणाऱ्यांनीही कधी ते मोजलं नव्हतं. नाल्यात सागाचं पान सोडून त्या काठाकाठानं चालत. मुंग्यांच्या रांगेशेजारी बोट टेकून बसत. एकदा एक गोगलगाय त्यांनी अर्धी सकाळ सांभाळली. ती मध्येच शंखात शिरली, तेव्हा त्यांनी घड्याळ बाजूला केलं आणि म्हणाल्या, "झोपली. तिचा दोष नाई. हा वेळ नाई धरत."

ही त्यांची पद्धतच होती. चालणारा थांबला की त्या वेळ टिपून घेत आणि शेवटी वजा करत. म्हणायच्या, थांबायला हजार कारणं असतात, त्याचा ठपका चालणाऱ्यावर कायले ठेवावा? त्यांच्या वहीत कुणीच आळशी नव्हतं. मला हे फार आवडायचं, कारण त्या वहीत मीही होतो. दवाखान्यातून चहाच्या टपरीकडं माझा वेग तासाला साडेतीन मैल आणि टपरीवरून दवाखान्याकडं दीड. बाईंनी हे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले, तेव्हा पडवीतले पेशंटसुद्धा हसले. ज्याला ताप होता तोही हसला. मी म्हटलं, "बाई, मीही एक सरकारी नोकर आहे." त्या म्हणाल्या, "मंग? म्हशींच्या पानावर नाई लिहिलं, तुमाले येगळं पान देल्लं."

एवढ्यावरून कुणाला वाटेल, बाईंना छंद होता. मलाही बरेच दिवस तसंच वाटलं. तो छंद नव्हता हे मला कळलं एका पावसाळ्यानंतर.

त्या पावसाळ्यात आमच्याकडच्या दोन बाया बाळंतपणात गेल्या. दोघींचंही मूल पोटात आडवं होतं. तसं झालं की गिरजाबाईंच्या हातात काही राहत नसे. भूल देऊन मूल फिरवायचं काम डॉक्टरांचं, आणि डॉक्टर कुरखेड्याला. पहिलीला बंडीत घातलं, दुसरीला खाटेवर. खाट म्हणजे साधी बाज, तिला वर दोन आडवे बांबू बांधायचे आणि चौघांनी खांद्यावर घ्यायची. दोघीही पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या वेळी डॉक्टर बाईंवर रागावले नाहीत, हेच वाईट झालं. ते थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाले, "बाई, मला तीन तासांत आणून द्या. तीन तासांत आणली तर पुढचं माझ्यावर."

बाई परत आल्या आणि चार दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी वही उघडून त्यांनी नव्या पानावर लिहिलं : 'मोहटोला ते कुरखेडा. तीन तास.' आणि मला विचारलं, "अंतर किती जी?"

मी म्हटलं, "कचेरीतल्या नकाशावर आठ मैल."

"नकाश्यावर कोन चालते?"

त्यांनी बंडीच्या चाकाला एक लाल चिंधी बांधली. चाकाचा घेर बरोबर पाच वार. सबंध वाट बंडीत उलटं तोंड करून त्या चिंधीकडं बघत बसल्या आणि दर शंभर फेऱ्यांना एक चिचोका ओटीत टाकत गेल्या. कुरखेड्याला पोचल्यावर अडतीस चिचोके आणि वर बहात्तर फेऱ्या. मी कागदावर गुणाकार केला. अकरा मैल.

आणि वेळ? सात तास वीस मिनिटं.

इथं मी माझं मॅट्रिक पाजळलं. वाट मला माहीत होती. निम्मी मुरमाची, निम्मी धानाच्या बांध्यांमधली, गाळाची. मुरमावर बंडी तासाला तीन मैल जाते, गाळात एक. तीन आणि एक चार, निम्मे दोन. अकरा मैलांना साडेपाच तास. "बाई," मी म्हटलं, "बंडीवाला दोन तास झोपला असणार. तुम्ही चिंधीकडं बघत होता, तुमच्या ध्यानात आलं नाही."

बाई हसल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "कंपोंडरभाऊ, बैल निम्मी वाट गाळात होता. पन निम्मा वेळ होता काय गाळात?"

मी पुन्हा कागदाकडं बघितलं.

"मुरमावर दोन तासाच्या आतच सुटला तो. गाळात साडेपाच तास होता. जिथी जास्त वेळ राह्यला, सरासरी तिकडेच वढते. बंडीतल्या त्या बाईले इचाराले पाह्यजे होतं, तिची वाट कुठी गेली म्हणून." हसणं तिथंच थांबलं. वही मिटून त्या उठून गेल्या. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आणि शिवाय हेही कळलं होतं, की या म्हशी, ही पानं, ही गोगलगाय, हे सगळं कशाकरता चाललं आहे.

बंडी बाद झाली. राहिली खाट. बाईंनी खाटेची चाल मोजायला घेतली. चार गडी, ताज्या खांद्यानं, पहिला मैल पंधरा मिनिटांत काढत. दुसरा अठरा मिनिटांत, तिसऱ्याला बावीस. म्हणजे मैलामैलाला खांदे बदलले तर अकरा मैल तीन तासांच्या आत बसत होते. मोहटोला आणि कुरखेड्याच्या मध्ये पाच टोले, म्हणजे लहान वाड्या, होत्या. प्रत्येक टोल्यानं आठ गडी द्यायचे, आपल्या शिवेपासून पुढच्या शिवेपर्यंत खाट न्यायची आणि पुढच्यांच्या स्वाधीन करायची. बाई पाचही टोल्यांत स्वतः गेल्या, अंगणात बसल्या, पेज प्यायल्या, आणि एकानंही नाही म्हटलं नाही. त्या दोघी बाया त्यांच्यातल्याच होत्या. मग एक दिवस ठरवून तालीम घ्यायची झाली. खाटेवर निजायला वजनदार आणि बिनकामाचा माणूस हवा होता. गावानं एकमतानं माझं नाव सुचवलं.

खाटेवरून प्रवास करण्यात मजा असेल असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करावा. पाठीला काथ्या रुतत होता, वर ऊन, आणि वाहणारे आपसांत माझ्या चहाबद्दल बोलत होते. आमच्याबरोबर मैनू गायता होता. गायता म्हणजे गावदेवाची पूजा करणारा, गोंडांच्या गावात त्याच्या शब्दाला मान. साठी उलटलेला, वाळक्या बांबूसारखा सडसडीत, आणि बोलायला फार कंजूष. बाई घड्याळ हातात धरून खाटेशेजारून धावत्या चालीनं येत होत्या.

पहिली शीव आली. खाट खाली टेकली. पुढच्या टोल्याचे गडी शेतावर होते, त्यांना हाक मारायला माणूस गेला. त्यांच्या गायत्याला यायला वेळ लागला. त्यानं येऊन शिवेवरच्या देवाला पान वाहिलं, पाणी शिंपडलं, कारण परक्या गावची खाट देवाला सांगितल्याशिवाय शिवेआत घेत नाहीत. मग खाट उचलली. दुसऱ्या शिवेवर तेच, तिसऱ्या शिवेवर तेच. नदीवर डोंगा, म्हणजे तिथली होडी, पलीकडच्या काठाला होता. बाई प्रत्येक वेळी, ठरल्याप्रमाणं, थांबण्याचा वेळ टिपून घेत होत्या.

कुरखेड्याच्या दवाखान्यासमोर खाट ठेवली. मी उठून बसलो. बाईंनी वही माझ्यासमोर धरली. चेहरा उजळलेला. "दोन तास पन्नास मिनिटं! कंपोंडरभाऊ, बसले! तीन तासात बसले!"

मी सूर्याकडं बघितलं. माझ्या पोटातली भूकही काहीतरी वेगळंच सांगत होती. पण बाईंचा तो चेहरा बघून माझी जीभ उचलेना. बोलला तो मैनू गायता. आठही गडी घाम पुसत उभे होते, तो उकिडवा बसला होता. त्यानं खालूनच विचारलं, "बाई, आपन निघालो तवा पोट्टे शाळेत जाऊन राह्यले होते. आता दुपार कलली. तुमची घडी दोन तास पन्नास काऊन म्हन्ते?"

"थांबलो तो वेळ वजा केला, भाऊ. तुमी चालले तेवढाच धरला."

गायता म्हणाला, "आमी थांबतो तवा तुमची घडी थांबते, बाई. बाईचं रगत थांबते काय?"

बाईंनी वही उघडली, टिपलेले थांबे बोटानं एकेक मोजत बेरीज केली. एक तास पन्नास मिनिटं. एकंदर चार तास चाळीस. त्या सरळ गायत्याच्या समोर जमिनीवर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुकलं माझं. दोन बाया गेल्या तरी मले नाई कळलं." पदरानं डोळे पुसले. मी बाईंना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा आजवर कुणा विद्वानाबद्दल वाटलेला नाही. चूक कबूल करताना माणसं जरा तरी आवाज खाली आणतात. बाईंनी तो वाढवला होता.

मग पुढचा तासभर बाई आणि गायता तिथंच उकिडवे बसून बोलत राहिले. मी भजी खाऊन परत आलो तरी बोलतच होते. चालण्यात आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. काढायचं होतं ते थांबण्यातून. गड्यांना आधी कळलं पाहिजे, डोंगेवाल्याला आधी कळलं पाहिजे. खाटेच्या पुढं पळणारं काही पाहिजे.

"घोडं?" मी विचारलं.

"ढोल," गायता म्हणाला.

बाईंनी ढोलही मोजला, हे सांगायला नकोच. तलावाच्या एका पाळीवर गायत्याचा मुलगा ढोल घेऊन उभा राहिला, दुसऱ्या पाळीवर बाई. काठी पडलेली दिसायची आणि आवाज मागून यायचा, त्या मधल्या वेळावर घड्याळ. वीस-पंचवीस वेळा वाजवून घेतलं. आकडा बघून बाईंचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी त्यांनी वहीत डाकवाल्याच्या सायकलीच्या वर, सगळ्यांत पहिल्या ओळीत ढोल लिहिला. "मैलाले पाच सेकंदं, बाप्पा! आन् आमी इथी मानसं पाठवून राह्यलो!"

एक अडचण निघाली. कुठला ठेका वाजवायचा? मी म्हटलं, संकटाचा एखादा असेलच. गायत्यानं मान हलवली. "मरनाच्या ढोलाले मानूस बसते. लग्नाच्या ढोलाले उठते." लग्नाचा ठेका ठरला. दिवसा, लग्नसराई नसताना तो ऐकू आला की समजायचं, मोहटोल्याहून खाट निघाली. प्रत्येक टोल्यानं ऐकून पुढच्याला वाजवायचा.

आणि शिवेवरचं पान? ते बाईंनी विचारलं नाही. मी विचारायला निघालो होतो, त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. देवाची गोष्ट गायत्यानं काढायची होती, आपण नाही. त्यानं काढली, चार दिवसांनी, दवाखान्याच्या पडवीत येऊन. पाचही टोल्यांचे गायते बसले होते म्हणाला. ढोल ऐकला की त्या-त्या गावच्या गायत्यानं धावत शिवेवर जायचं, पान आधीच वाहून ठेवायचं, पाणी घेऊन उभं राहायचं. खाट आली की चालत्या खाटेवरच पाणी शिंपडायचं. खाट टेकवायची नाही. "देवाले घाई समजते," एवढं बोलून तो उठला.

पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, एका सकाळी बिसन नावाचा जवान गडी धापा टाकत आला. त्याच्या बायकोला, सोमारीला, पहाटेपासून कळा होत्या. बाई गेल्या आणि तासाभरात परत पडवीत आल्या. माझ्याकडं बघून त्यांनी हात आडवा धरला. मूल आडवं होतं. मग गायत्याच्या घराकडं तोंड करून त्यांनी अशी हाक मारली, की मला वाटलं, ढोलाची गरजच नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी खाट उचलली. त्याच्या आधीच ढोल सुरू झाला होता. पहिल्या ठेक्याला आम्ही सगळे थांबून कान देऊन उभे राहिलो. आला. लांबून, रानापलीकडून, पहिल्या टोल्याचा ढोल आला. त्याच्याही पलीकडून अगदी बारीक, दुसऱ्याचा. बाईंनी लुगड्याचा काचा मारला आणि म्हणाल्या, "चला जी."

मी औषधांची पेटी घेऊन मागं. पहिल्या शिवेवर आठ गडी ओळीनं उभे, अंगाला शेतातला चिखल तसाच. गायता हिरवं पान वाहून, तांब्या घेऊन तयार. पुढच्यांनी बांबूखाली खांदे घातले, मागच्यांनी काढले, आणि मी नीट बघेपर्यंत खाट वीस पावलं पुढं गेली होती. ती टेकली नव्हती. पाण्याचे थेंब सोमारीच्या कपाळावर तसेच होते. बाई तिच्या उशाशी धावत तिला सांगत होत्या, "एक शीव झाली वो. माह्या हाताले धर. चार राह्यल्या."

दुसऱ्या टोल्यात बायकाही वाटेवर आल्या होत्या. वाटेतला गाळ लोकांनी फांद्या टाकून बुजवला होता. ढोल वाजल्यापासून मिळालेला वेळ त्यांनी त्यात लावला होता. हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या शिवेवर माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. चौथ्या शिवेपासून खाट मला लांबूनच दिसत होती. सगळीकडून लग्नाचा ढोल वाजत होता, आणि खरं सांगतो, भीती कुठल्या कुठं गेली होती. मी छाती फुटेस्तोवर पळत होतो आणि मला हसू येत होतं.

नदीवर पोचलो तेव्हा खाट डोंग्यात चढलेली. डोंगा अलीकडंच थांबलेला होता, डोंगेवाला बांबू रोवून वाट बघत होता. मला जागा नव्हती. मी काठावर पेटी घेऊन उभा राहिलो आणि बघत राहिलो. लाल पाणी, मध्ये डोंगा, त्यात खाटेचा बांबू धरून उभ्या गिरजाबाई. आणि पलीकडच्या काठाला शेवटच्या टोल्याचे आठ गडी कमरेएवढ्या पाण्यात आधीच उतरलेले, हात वर करून. डोंगा काठाला लागण्याआधीच त्यांनी खाट उचलली.

मी पुढल्या खेपेला पलीकडं गेलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सोळा-सतरा चिखलानं माखलेली माणसं बसली होती. आत बाई आणि डॉक्टर. बाहेर कुणी चिलीमसुद्धा पेटवली नव्हती. बराच वेळ गेला. मग आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, चिडका, आणि बिसन उठून उभा राहिला तो पुन्हा खाली बसला. दार उघडून डॉक्टर बाहेर आले. "दोघंही ठीक आहेत," म्हणाले. आणि मग त्या शांत माणसानं, सगळ्यांसमोर, पायरीवरच्या पहिल्या गड्याचा हात हातात घेतला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, असा शेवटपर्यंत.

बाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मी विचारलं, "किती, बाई?"

"दोन तास त्रेचाळीस मिनिटं." मग गड्यांकडं बघून मोठ्यानं, "सगळं धरून! डोंगा धरून, शिवा धरून! एक मिनिट वजा नाई केला!" आणि त्या सतरा माणसांनी अशी आरोळी ठोकली, की दवाखान्याच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

त्यानंतर मी तिथं असेपर्यंत सहा वेळा ढोल वाजला. सहाही वेळा खाट तीन तासांच्या आत पोचली. सहाही बाया आपल्या पायांनी घरी परतल्या.

बाईंची बदली निघाली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. बंडी सांगितली होती, त्यांनी ती ट्रंकेपुरती ठेवली आणि स्वतः चालत निघाल्या. सकाळी सातला. मला म्हणाल्या, "कोरडी वाट हाये, एकटी मानूस, ओझं नाई. तीन तासात कुरखेड्याले. दुपारची मोटर भेटते." मी त्यांना नदीपर्यंत सोडायला निघालो.

पहिल्या शिवेवर माणसं उभी होती. ढोल कुणी वाजवला होता, कधी वाजवला होता, आम्हाला कळलंही नाही. बाईंना गावात नेलं, बसवलं, जेवू घातलं. तिथल्या एका बाईनं आपली मुलगी त्यांच्या मांडीवर आणून ठेवली, ती मांडीवर झोपली, आणि झोपलेल्या लेकराला उठवणार कोण? त्या रात्री आम्ही पहिल्याच टोल्यात राहिलो. दुसऱ्या दिवशी दोन टोले झाले. तिसऱ्या दिवशी चौथ्या टोल्यात सोमारीच्या माहेरचे भेटले, त्यांनी बकरं कापलं. बाई प्रत्येक ठिकाणी "मोटर चुकते जी" म्हणायच्या, आणि लोक म्हणायचे, "उद्याची भेटते." घड्याळ खांद्यावर होतं. त्यांनी त्याच्याकडं बघितलेलं मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नदीवर पोचलो. पाठीमागं मैनू गायता आणि अलीकडच्या चारही टोल्यांची माणसं, सोमारी मुलाला कडेवर घेऊन पुढं. बाई डोंग्यात बसल्या, आमच्याकडं तोंड करून. डोंगा निघाला, मध्यावर गेला. तिथून त्यांनी माझ्याकडं बघून वही उंच धरली आणि ओरडल्या, "कंपोंडरभाऊ, अकरा मैल! चार दिवस! म्हशींपेक्षाई कमी!" आणि खदखदून हसल्या. काठावरच्या माणसांना आकडा कळला नसावा, पण बाई हसताहेत एवढं दिसलं, आणि गायत्यानं ढोलावर काठी टाकली. लग्नाच्या ठेक्यावर बाई पलीकडं गेल्या.